वीस मीटर तार आणि नागपूरचे ऊन

आमच्या मानेवाडा रस्त्यालगतच्या घरावरून मागच्या कडुनिंबाकडे उतरत जाणारी तांब्याची तार पाहून बहुतेकांना ती कपडे वाळत घालण्यासाठी बांधली आहे असेच वाटते. खांबाचे वेल्डिंग करून देणाऱ्या कारागिरानेही काम संपल्यावर मान वर करून विचारले होते, "काहून वो मॅडम, कपडे वाळवाची तार इतकी उंच काहून?" ही तार म्हणजे माझ्या हौशी रेडिओ केंद्राचा, म्हणजे परवाना घेऊन दूरच्या लोकांशी छंद म्हणून बोलायच्या केंद्राचा, अँटेना आहे. हे केंद्र कसे उभे राहिले ते सांगायचे म्हटले की टेबलावरच्या यंत्रापेक्षा मला गच्चीविषयीच अधिक बोलावे लागते. प्रारंभी मी नेमके उलटे केले होते. पैसा, वाचन आणि चौकशी यांतला बहुतेक भाग यंत्रावर खर्च केला आणि तार, जमीन व आजूबाजूच्या विद्युत उपकरणांचा गोंगाट या तीन गोष्टी नंतर पाहू म्हणून बाजूला ठेवल्या. पुढची दोन वर्षे या तिन्हींनीच माझ्याकडून वसूल केली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात दळणवळण प्रणालीचे प्रकरण शिकवताना आयनांबर (रेडिओलहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर), भूतरंग, आकाशतरंग या सर्वांच्या आकृत्या मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढल्या. मात्र आयनांबरावरून परावर्तित होऊन आलेला माणसाचा आवाज स्वतःच्या कानांनी कधी ऐकला नव्हता. एका वर्षी वर्गातल्या मुलीने, "मॅडम, तुम्ही ऐकलंय का?" असे सरळ विचारले आणि मला खरे उत्तर द्यावे लागले. परीक्षेचा अर्ज मी त्याच आठवड्यात भरला.

परीक्षेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. आपल्याकडे हौशी केंद्राच्या परवान्याच्या दोन श्रेणी आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. पहिलीसाठी विद्युत व रेडिओ यांचे प्राथमिक ज्ञान आणि नियमावली यांवर लेखी परीक्षा होते. दुसरीसाठी त्याशिवाय मिनिटाला आठ शब्दांच्या गतीने मोर्स (टिंब-रेघांची संकेतभाषा) पाठवणे आणि घेणेही यावे लागते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीत प्रक्षेपणाची शक्ती ५० वॅटपर्यंत मर्यादित असते, जनरलमध्ये ती ४०० वॅटपर्यंत जाते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला कोणताही विद्यार्थी परीक्षेस बसू शकतो, हे मात्र पालकांना मी आवर्जून सांगते. मी रिस्ट्रिक्टेड श्रेणी घेतली, त्यामुळे माझे कॉल साइन, म्हणजे केंद्राचे ओळखनाव, व्हीयू३ या अक्षरांनी सुरू होते. परीक्षा आणि परवाना यांमधले महिने वाट पाहण्यात गेले. परवान्याशिवाय प्रक्षेपक यंत्र नुसते घरात ठेवणेही नियमबाह्य असल्यामुळे त्या काळात मी केवळ ऐकण्याच्या साध्या संचावर समाधान मानले.

परवाना आल्यावर एका अनुभवी परवानाधारकाकडून आयकॉम ७१८ हा वापरलेला संच घेतला. तो १०० वॅटचा आहे. मला तो निम्म्या शक्तीवरच चालवावा लागतो. त्याला १३.८ व्होल्टचा दिष्ट प्रवाह लागतो, म्हणून त्यासोबत बाजारातून एक हलका, स्वस्त एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा, वीजपुरवठाही आणला. या स्वस्ताईची गोष्ट पुढे येईल.

अँटेनाचे गणित कागदावर अगदी सोपे आहे. अर्धतरंग डायपोलची, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची, लांबी मीटरमध्ये हवी असेल तर १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागावे. मला ७.१ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे चाळीस मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात काम करायचे होते, भागाकार २०.१४ मीटर आला. अडचण अशी की आमची गच्ची लांबीला जेमतेम बारा मीटर आहे. तार सरळ ताणणे शक्य नसल्यामुळे मधोमध उंच खांब आणि दोन्ही बाजू उताराने खाली, अशी उलट्या व्हीच्या आकाराची रचना ठरवली. या आकाराचा एक लाभही आहे. सरळ डायपोलचा मध्यबिंदूवरील रोध सुमारे ७३ ओहम असतो. बाजू खाली झुकवल्या की तो कमी होऊन ५० ओहमच्या केबलशी अधिक चांगला जुळतो. खांबासाठी इतवारीतल्या लोहाओळीतून सहा मीटर लांबीचा जीआय पाइप आणला आणि त्याच्या टोकाला कप्पी बसवून घेतली. कप्पीचा आग्रह ज्या ज्येष्ठ हौशी मित्राने धरला, त्याचे उपकार मी दर हंगामात आठवते. तिच्यामुळे पाइपावर न चढता संपूर्ण तार दहा मिनिटांत खाली घेता येते.

खरी वाटाघाट सासूबाईंशी झाली. फाल्गुन संपता संपता गच्चीवर त्यांचे राज्य सुरू होते: आधी मुगवड्या, मग पापड आणि शेवटी कुरडया. डायपोलच्या टोकांवर प्रक्षेपणाच्या वेळी सर्वाधिक व्होल्टता असते आणि तेथे हात लागला तर त्वचा भाजते. त्यामुळे टोके हाताच्या पोहोचीबाहेर ठेवणे हा सोयीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न होता. शेवटी एक टोक मागच्या कडुनिंबाच्या फांदीला आणि दुसरे कठड्यावर उभारलेल्या तीन मीटरच्या बांबूला बांधायचे ठरले आणि कुरडयांची जागा पश्चिमेच्या कोपऱ्यात कायम राहिली.

तार कापण्यापूर्वी हिशेबापेक्षा थोडी जास्त ठेवावी हे मी वाचले होते, म्हणून प्रत्येक बाजू साडेदहा मीटर घेतली. नॅनोव्हीएनए या छोट्या मापकयंत्रावर पाहिले तेव्हा अनुनाद, म्हणजे तार ज्या वारंवारतेला आपसूक जुळते ती जागा, ६.७५ मेगाहर्ट्झवर दिसला, म्हणजे तार अपेक्षेपेक्षाही लांब ठरली. टोके जमिनीच्या आणि एकमेकांच्या जवळ आली की असे होते. गुणोत्तर मांडले तर प्रत्येक बाजूने ५२ सेंटीमीटर कमी करणे आवश्यक होते. मी तार कापली नाही, टोक मागे दुमडून तिच्यावरच गुंडाळले. कापलेली तार परत जोडत बसण्यापेक्षा दुमडलेली उलगडणे सोपे. चार खेपा वर-खाली करून ७.१ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि तार किती जुळतात याचे माप (१ हे उत्तम), १.३ मिळाला. केबल जेथे तारेला मिळते तेथे मी ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपावर कोॲक्स केबलचेच दहा वेढे गुंडाळले. त्यामुळे केबलच्या बाहेरच्या आवरणावरून खोलीकडे परतणारा प्रवाह बराच रोखला जातो. हे वेढे घालण्यापूर्वी एकदा बोलताना मायक्रोफोनच्या जाळीने ओठाला बारीक चटका दिला होता, त्यामुळे त्यांचे महत्त्व मला पुस्तकाहून अधिक चांगले कळले आहे.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे मोठ्या अपेक्षेने यंत्र सुरू केले आणि सर्व पट्टाभर एकच करकर ऐकू आली. संकेतमापकाचा काटा कोणीही बोलत नसताना एस-९ वर स्थिर होता. ज्यांना या मापाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते की एक एस-एकक म्हणजे ६ डेसिबल; काटा एस-९ वरून एस-४ वर आला तर गोंगाटाची शक्ती हजार पटींनी कमी झालेली असते. पन्नास वॅटने बोलणारी दूरची माणसे बहुधा एस-५ किंवा एस-६ ने येतात. म्हणजे ती माझ्या तारेपर्यंत पोहोचत होती, मला मात्र ऐकू येत नव्हती.

गोंगाटाचा शोध घेण्याची रीत सोपी आहे, तिला फक्त घरच्यांची सहनशीलता लागते. यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालवायचे, घराचा मेन स्विच बंद करायचा आणि मग एकेक एमसीबी वर करत काट्याकडे पाहायचे. फेब्रुवारीत हे शक्य झाले. मे महिन्यात नागपूरच्या घराचा मेन स्विच सकाळीसुद्धा कोणी बंद करू देणार नाही. मेन बंद करताच काटा एस-४ वर उतरला, तेव्हा दोष घरातच आहे हे निश्चित झाले. जिन्यातला एक एलईडी दिवा आणि टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर हे पहिले दोन गुन्हेगार सापडले. दिवा बदलला आणि अडॅप्टरच्या वायरीला फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यातून सात-आठ वेढे दिले. सर्वांत मोठा गुन्हेगार मात्र मी स्वतः विकत आणला होता: तोच स्वस्त एसएमपीएस पुरवठा. बॅटरी काढून तो जोडला की काटा तत्काळ एस-८ वर चढत असे. त्याच्या जागी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा जुन्या पद्धतीचा पुरवठा शहरातल्याच एका वायंडिंग कारागिराकडून करून घेतला. तो उचलायला दोन हात लागतात, परंतु तो पूर्ण शांत आहे.

मार्च संपला, कूलर सुरू झाले आणि करकर परत आली, या वेळी वेगळ्या सुरात. शंभर हर्ट्झची ही घरघर कूलरच्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून येत होती. त्यातला ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच प्रत्यावर्ती प्रवाहाची प्रत्येक अर्धी लहर मध्येच तोडतो आणि प्रत्येक तोडीबरोबर रेडिओ वारंवारतांचा शिडकावा होतो. उपाय अगदी स्वस्त निघाला. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर लहर तोडत नाही, म्हणून तो निःशब्द असतो. आमच्या दोन्ही कूलरना तो बसवला. मग डाव्या-उजव्या शेजाऱ्यांकडे गेले आणि रेग्युलेटर माझ्या खर्चाने बदलून देऊ का असे विचारले. एका काकांनी आनंदाने होकार दिला. दुसऱ्यांना वाटले की मी काहीतरी विकायला आले आहे. त्यांना घरी बोलावून, त्यांचा कूलर बंद-चालू करायला लावून, काटा हलताना दाखवला तेव्हा ते पटले.

मागच्या घरावरच्या सौर पॅनेलचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने त्यांच्या इन्व्हर्टरचा आवाज सुरू होतो आणि संध्याकाळी मावळतो; ढग आला की त्याचा सूर बदलतो. त्यांच्या वायरिंगला मी हात लावणे योग्य नव्हते, म्हणून पॅनेल बसवणाऱ्या माणसाकरवी केबलवर चिमट्यासारखी बसणारी फेराइटची कडी लावून घेतली. दोन एस-एककांचा फरक पडला. उरलेला गोंगाट मी पहाटे लवकर उठून चुकवते.

पहिला संपर्क अशाच एका पहाटे झाला. मी हाक दिली आणि हैदराबादच्या एका केंद्राने उत्तर दिले. सुमारे ४२० किलोमीटरवरून तो आवाज आला तेव्हा माझे कॉल साइन मीच चुकीचे उच्चारले आणि समोरच्या गृहस्थांनी ते अत्यंत सभ्यपणे दुरुस्त केले. पुढच्या महिनाभरात इंदूर, भोपाळ, पुणे, रायपूर अशी गावे नोंदवहीत आली. या यशात माझ्या कौशल्यापेक्षा भूगोलाचा वाटा मोठा आहे. चाळीस मीटरसाठी बारा-तेरा मीटर उंचीची तार बरीचशी ऊर्जा सरळ वर फेकते आणि ती आयनांबरावरून चहूबाजूंना काही शे किलोमीटरच्या परिसरात उतरते. हा दोष किनाऱ्यावरच्या गावात अर्धी ऊर्जा समुद्राला देतो. झिरो माइलच्या, म्हणजे देशाच्या मध्यावरच्या, शहरात त्या वर्तुळात देशाचा मोठा भाग मावतो. रात्री हेच वर्तुळ पसरते आणि कधीकधी युरोपातली केंद्रेही ऐकू येतात.

नोंदवहीचा एक घोळ पुष्कळ नवशिक्यांना भोवतो. वेळ समन्वित वैश्विक वेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून लिहायची असते. मी पहाटे पाचचा संपर्क लिहिताना वेळ वजा केली, तारीख मागे नेली नाही; परिणामी सहा संपर्क न घडलेल्या दिवशी नोंदले गेले आणि पुष्टीची कार्डे जुळेनात. पृथ्वीचे चौकोन पाडून अक्षरे व अंकांनी स्थळ सांगण्याची मेडनहेड पद्धत मात्र मला फार आवडते. नागपूर एमएल९१ या चौकोनात येते. भंडाराही त्यातच आहे. परंतु ८० अंश रेखांश ओलांडून गोंदियाला पोहोचलात की एम जाऊन एन येतो, आणि विदर्भातल्या विदर्भात तुम्ही जगाच्या नव्या मोठ्या चौकटीत शिरलेले असता.

आता जमिनीविषयी. नागपूरची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि एप्रिलमध्ये हाताचा पंजा जाईल इतक्या भेगांची असते. अर्थिंगसाठी आम्ही नेहमीप्रमाणे खड्डा खणून त्यात तीन मीटरची सळई, कोळसा आणि मीठ भरले होते. हिवाळ्यात मापन चांगले आले. उन्हाळ्यात माती सुकून सळईपासून सुटली आणि भूसंपर्काचा रोध कित्येक पटींनी वाढला. खड्ड्यात रोज पाणी ओतणे हा उपाय सर्वांना ठाऊक असतो, परंतु टंचाईच्या दिवसांत पिण्याचे पाणी जमिनीत मुरवणे मनाला पटत नव्हते. डेंग्यूच्या भीतीने कूलरच्या टाक्या आम्ही दर आठवड्याला रिकाम्या करतो. ते पाणी नळीने थेट अर्थिंगच्या खड्ड्यात सोडले आणि तेव्हापासून उन्हाळ्यातही रोध आटोक्यात राहिला आहे.

विजेच्या बाबतीत मात्र मी एकदा गाफील राहिले. एप्रिल-मेमध्ये दुपारी आकाश निरभ्र असते आणि चार वाजता वादळ येऊन उभे राहते. त्या दिवशी मी उत्तरपत्रिका तपासायला गेले होते आणि केबल यंत्राला जोडलेलीच राहिली. वीज आमच्या घरावर नव्हे, वस्तीच्या पलीकडे कोठेतरी पडली. तरीही रात्री यंत्र सुरू केले तेव्हा ते बहिरे झाले होते. दिवे लागत होते, प्रक्षेपण होत होते, ऐकू मात्र काही येत नव्हते. वीस मीटर तारेत प्रेरित झालेल्या झटक्याने यंत्रातल्या ग्राहकाच्या (रिसीव्हरच्या) प्रवेशद्वारावरचे संरक्षक डायोड जाळले होते. एका जाणत्या मित्राने ते बदलून दिले आणि शुल्क म्हणून केवळ चहा घेतला. तेव्हापासून नियम असा आहे की मी खुर्चीत बसल्यावर केबल जोडली जाते आणि उठण्यापूर्वी काढून खिडकीबाहेर ठेवली जाते. यंत्राचे बटण बंद करणे म्हणजे संरक्षण नव्हे, कारण झटक्याला बटणाची ओळख नसते. कोरड्या उष्ण वाऱ्यातही तारेवर स्थिर विद्युतभार साठतो आणि सुट्या केबलच्या टोकाशी चट्कन ठिणगी उडते. त्यासाठी तार आणि भूसंपर्क यांच्यामध्ये एक मेगाओहमचा रोधक कायमचा जोडून ठेवला आहे.

उरलेली देखभाल ऋतूंप्रमाणे चालते. पहिल्या वर्षी बांधलेला साधा नायलॉनचा दोर जूनपर्यंत उन्हाने असा भुगा झाला की हातात घेताच पांढरी धूळ उडाली आणि कडुनिंबाकडची बाजू एका रात्री खाली आली. आता पॉलिस्टरचा दोर वापरते आणि तोही दर वर्षी बदलते. जुलैत एसडब्ल्यूआर १.३ वरून २.५ वर गेला, तेव्हा मी दोन दिवस तारेला दोष दिला. प्रत्यक्षात खांबावरच्या जोडाला गुंडाळलेल्या साध्या चिकटपट्टीतून पाणी शिरून केबलच्या जाळीतले तांबे मीटरभर काळे पडले होते. तेवढा तुकडा कापून टाकला, जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळली आणि केबल खिडकीत शिरण्यापूर्वी खाली एक वळण घेईल अशी सोडली, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते.

संक्रांतीचे दिवस वेगळेच. आमच्या वस्तीत सकाळपासून "ओ काट"च्या आरोळ्या सुरू होतात आणि कटलेला प्रत्येक दुसरा पतंग माझ्या तारेवर येऊन बसतो. कागद व काड्या पावसाने गळून जातात. बंदी असूनही वापरला जाणारा नायलॉन मांजा मात्र तुटत नाही, कुजत नाही आणि पुढे कित्येक आठवडे पाखरांसाठी फास होऊन लोंबकळत राहतो. म्हणून १३ जानेवारीला मी कप्पीवरून संपूर्ण तार खाली घेते आणि १६ तारखेला पुन्हा चढवते. गल्लीतली मुले या बदल्यात मला कटलेले पतंग आणून देतात, ज्यांचे मी काय करावे हे त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

एकदा मात्र तारेचा काहीच दोष नव्हता. ११ मे २०२४ रोजी पहाटे पट्टा पूर्ण मेलेला होता. मी जोड तपासले, रोध मोजला, उजाडताच गच्चीवर जाऊन तारेचा इंच न् इंच हाताखालून घातला आणि सासूबाईंनी विचारल्यावर उंदराने केबल कुरतडली असावी असेही सांगून टाकले. दुपारी समजले की आदल्या रात्रीपासून पृथ्वीवर गेल्या वीस वर्षांतले सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ चालू आहे, त्याने आयनांबर विस्कटले आहे आणि लडाखमधील हानले येथून आकाशातली तांबडी आभा कॅमेऱ्यांनी टिपली आहे. त्या आठवड्यात वर्गात आयनांबराची आकृती काढायची वेळ आली असती तर बरे झाले असते, पण महाविद्यालयाला सुट्टी होती.

सध्या मोर्सचा सराव मिनिटाला सहा शब्दांपर्यंत आला आहे. आठपर्यंत पोहोचले की जनरल श्रेणीचा अर्ज भरायचा आहे. त्याआधी दोर बदलायचा राहिला आहे. येत्या रविवारी ते काम ठरवले होते, परंतु सासूबाईंनी कुरडयांचे गहू त्याच रविवारसाठी भिजत घातले आहेत. त्यामुळे सकाळी सहाच्या आत तार उतरवून, दोर बदलून, पुन्हा चढवून मला गच्ची मोकळी करून द्यावी लागेल.